पुसली की चमकते, वाळली की धुरकट: वॅक्स केलेल्या स्टेन काँक्रीटच्या फरशीचं दुखणं शोधताना

फरशी ओली असते तोवर रंग अगदी पहिल्या दिवसासारखा दिसतो. तपकिरीतून डोकावणारी तांबूस छटा, संगमरवरासारख्या शिरा, सगळं स्पष्ट. पाणी वाळतं आणि दहा मिनिटांत वर पांढुरकी साय धरते. वॅक्स संपलं असेल असं समजून आपण आणखी एक हात चढवतो. आठवडाभर फरशी झकास दिसते. नंतर पुन्हा तीच साय, या वेळी जरा जाड आणि कोपऱ्यांत जरा पिवळी.

आमच्या घरी हे चक्र दीड वर्ष चाललं. प्रत्येक वेळी उपाय एकच, अजून वॅक्स. एकदा सफाईच्या निमित्ताने जड पलंग सरकवला, तेव्हा त्याखालची फरशी लखलखीत निघाली. तिथे कुणी चालत नाही, मॉपही धड पोचत नाही, आणि वॅक्सचा नवा हातही कधी गेला नव्हता. मग मात्र डोक्यात प्रकाश पडला. वॅक्स कमी पडत नव्हतंच, पुसताना आम्हीच काहीतरी फरशीवर ठेवून येत होतो. त्यानंतर जे वाचलं, करून पाहिलं आणि ज्याचा उपयोग झाला, ते इथे सविस्तर मांडलं आहे.

कुठला थर आजारी आहे?

अशा फरशीत वरून खाली मोजलं तर चार थर येतात. सगळ्यात वर धूळ आणि पुसण्यातून उरलेलं काहीबाही. त्याखाली वॅक्स. त्याखाली सीलर, म्हणजे काँक्रीटला पाण्यापासून आणि डागांपासून जपणारा लेप. आणि मग काँक्रीट, ज्याच्या वरच्या पातळ कातडीत स्टेनचा, म्हणजे काँक्रीटला दिलेल्या रंगद्रव्याचा, रंग मुरलेला असतो. दुखणं यांपैकी कुठल्याही थरात असू शकतं, पण वरून सगळी दुखणी सारखीच दिसतात. म्हणून तर उपाय चुकतो आणि दुखणं परत येतं.

वॅक्सचं कामच झिजण्याचं आहे. चपलांखालची वाळू आणि खुर्च्यांचे पाय यांचा मार त्याने खायचा, म्हणजे सीलर वाचतो, आणि सीलर वाचला की रंग वाचतो. अ‍ॅसिड स्टेन हा भिंतीच्या रंगासारखा वर बसलेला थर नसतो. त्यात सहसा हायड्रोक्लोरिक आम्ल आणि लोह, मँगनीज, तांबं अशा धातूंचे क्षार असतात. आम्लाने पृष्ठभाग किंचित उघडतो आणि हे क्षार सिमेंटमधल्या चुन्याशी संयोग पावून तिथेच रंगीत रूपात बसतात. असा रंग पोपडे धरत नाही, फडक्याला लागत नाही. पाण्यात कालवलेल्या स्टेनमध्ये बारीक रंगकण काँक्रीटच्या छिद्रांत जाऊन बसतात. डाय, म्हणजे द्रवात विरघळलेला रंग, वापरला असेल तर तो उन्हाने फिका पडू शकतो. खिडकीसमोरचाच पट्टा फिका आणि बाकी खोली ठीक असेल, तर हे कारण आधी तपासा. तिथे पुसण्याची पद्धत बदलून काही साधणार नाही.

रंग उडाला असं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा तो जागेवरच असतो, फक्त झाकला गेलेला असतो. पण ओलं केल्यावर रंग खुलला एवढ्यावरून निष्कर्ष काढू नका, कारण सीलर निघून गेलेलं उघडं काँक्रीटही ओलं झाल्यावर गडद दिसतं. त्यासाठी पुढच्या चाचण्या आहेत. सगळ्या मिळून अर्ध्या तासाचं काम आहे आणि स्ट्रिपरची, म्हणजे जुनं वॅक्स उतरवणाऱ्या द्रावणाची, बाटली उघडण्याआधी त्या कराव्यातच, असं माझं ठाम मत आहे.

पहिली चाचणी पाण्याच्या थेंबाची. वर्दळीच्या जागी, कोपऱ्यात आणि एखाद्या जड सामानाखाली, अशा तीन ठिकाणी पाण्याचे थेंब टाका आणि दहा मिनिटं थांबा. थेंब टपोरा राहिला आणि टिपल्यावर डाग दिसला नाही, तर वरचे थर शाबूत आहेत. थेंब पसरून आत शिरला आणि खाली काळसर ठसा उमटला, तर तिथे वॅक्स आणि सीलर दोन्ही गेले आहेत. अशा जागी नुसतं वॅक्स लावणं म्हणजे गळक्या छपराला आतून रंग देण्यासारखं आहे.

दुसरी चाचणी चौकोनाची. हीच सगळ्यात जास्त सांगून जाते. पाटाएवढा एक चौकोन कोमट पाण्याने पुसा. पाण्यात काहीही घालायचं नाही. तीन वेळा पुसायचं, दर वेळी स्वच्छ फडकं घ्यायचं, आणि शेवटी कोरड्या टॉवेलने टिपून घ्यायचं. पूर्ण वाळल्यावर तो चौकोन शेजारच्या फरशीपेक्षा उजळ दिसला, तर साय म्हणजे साबणाचा किंवा क्लीनरचा उरलेला थर. फारसा फरक पडला नाही, तर शेजारी दुसरा चौकोन घेऊन शेवटची पुसणी डिस्टिल्ड पाण्याने करा. आता फरक दिसला, तर दोष तुमच्या जड पाण्यातल्या क्षारांचा आहे.

तिसरी चाचणी काळ्या फडक्याची. कोरडं काळं फडकं धुरकट भागावर दाबून फिरवा. त्याला पांढरी पूड लागली, तर ती एक तर वॅक्सची असते किंवा काँक्रीटमधून वर आलेल्या क्षारांची. दोन्हींत भेद करायला थोडी पूड खरवडून काचेच्या बशीत घ्या आणि तिच्यावर व्हिनेगरचा थेंब टाका. बारीक बुडबुडे आले तर तो लोणा आहे, म्हणजे चुन्याचा क्षार. काहीच झालं नाही तर बहुधा वॅक्सची पूड. हा थेंब बशीतच टाकायचा. फरशीवर व्हिनेगर नको, त्याचं कारण पुढे येईल.

साबणाची साय: दहांतल्या बहुतेक घरांचं दुखणं

जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. त्यांची साबणाशी गाठ पडली की न विरघळणारा चिकट साका तयार होतो. बादलीच्या कडेला जो करडा थर बसतो, तोच. मॉप हा साका फरशीभर सारखा पसरवतो, पाणी उडून जातं आणि साका राहतो. दुसऱ्या दिवशी त्यावर धूळ बसते, फरशी मळकट दिसते, आपण साबण थोडा वाढवतो आणि थर आणखी जाड होतो.

साबणाऐवजी डिटर्जंट वापरलं तर साका होत नाही, पण प्रमाण चुकलं की तेही मागे उरतं. बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणापेक्षा झाकणभर जास्त घातलं म्हणजे फरशी जास्त स्वच्छ निघते, हा समज मनातून काढून टाकायला हवा. क्लीनरचं काम मळ सैल करण्याचं. सैल झालेला मळ उचलून नेण्याचं काम पाण्याचं आणि फडक्याचं. जास्तीचं क्लीनर उचलायला मग वेगळं पाणी लागतं, आणि ती फेरी कोणी मारत नाही. चमक देणारी क्लीनर आणि तेलकट जंतुनाशकं तर मुद्दामच थर सोडतात. वॅक्सवर असा थर बसला की पावलांचे ठसे उमटतात आणि धूळ चिकटून राहते.

चढलेली साय काढायची पद्धत सोपी आहे, फक्त चिकाटी लागते. आधी कोरड्या मायक्रोफायबर मॉपने सगळी धूळ गोळा करा. मग दोन बादल्या घ्या, एकीत स्वच्छ कोमट पाणी, दुसरी मॉप खळबळून पिळायला. मॉप इतका पिळा की फरशीवर ओलावा दिसेल पण पाणी साचणार नाही, आणि पुसलेला भाग दोनतीन मिनिटांत वाळेल. खोलीचे छोटे भाग पाडा. पाणी गढूळ व्हायला लागलं की लगेच बदला. पहिल्या दिवशी आमच्या बैठकीच्या खोलीला सहा बादल्या लागल्या आणि प्रत्येक बादलीत हलका फेस आला, पाण्यात काहीही घातलेलं नसताना. तो फेस दीड वर्षाचा साठा होता. तीन दिवसांत तीनदा असं पुसल्यावर, आणि मग मऊ कोरड्या कापडाने घासल्यावर, साय गेली. वॅक्सचा नवा थेंबही लागला नाही.

थर चिवट असेल तर एका फेरीत सामू (pH) ७ च्या आसपास असलेलं न्यूट्रल क्लीनर लेबलवरच्या प्रमाणात वापरा आणि नंतरच्या दोन फेऱ्या नुसत्या पाण्याच्या करा. पाणी फार जड असेल तर मॉप फिरवल्यानंतर लगेच कोरड्या मॉपने टिपून घ्यायची सवय लावा. क्षार पाण्याबरोबर उचलले गेले, तर ते फरशीवर वाळणारच नाहीत.

रोजचं पुसणं मात्र बंद करा. या फरशीला रोज हवी ती कोरडी झाडलोट, कारण खरं झिजवते ती वाळू. ओली पुसणी आठवड्यातून एकदा पुष्कळ झाली. कुठे काही सांडलं तर तेवढंच लगेच टिपायचं.

लोणा निघाला तर

बशीत बुडबुडे आले असतील, तर प्रश्न फरशीच्या पोटातला आहे. काँक्रीटमधून ओल वर येते, येताना विरघळलेला चुना घेऊन येते, हवेतल्या कार्बन डायॉक्साइडशी त्याचा संयोग होतो आणि कॅल्शियम कार्बोनेटची पांढरी पूड पृष्ठभागावर साचते. वर घट्ट सीलर आणि वॅक्स असेल तर ही ओल खाली अडकते. मग दुधी डाग दिसतात, कडा उचलल्या जातात, पोपडे निघतात. अशा फरशीवर वॅक्सचे थर वाढवले तर वाफेला बाहेर पडायची वाट आणखी बंद होते.

ओल येते आहे का हे पाहण्याची जुनी पद्धत एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेच्या डी ४२६३ या मानकात दिली आहे. १८ इंच बाय १८ इंच पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने हवाबंद चिकटवा आणि किमान १६ तास तसाच ठेवा. प्लास्टिकच्या आत थेंब दिसले किंवा खालचं काँक्रीट गडद झालं, तर ओल आहे. ही चाचणी उघड्या काँक्रीटसाठी आहे. वॅक्स आणि सीलर शाबूत असलेल्या जागी ती फसवी ठरते, म्हणून कपाटाखाली वगैरे, जिथे वरचे थर नाहीत किंवा उतरवता येतील, अशी जागा निवडा. आणि एकदा कोरडं निघालं म्हणून निश्चिंत होऊ नका. ओल ऋतूप्रमाणे बदलते, त्यामुळे दमट दिवसांत पुन्हा पाहा.

पूड थोडी असेल तर कोरड्या ब्रशने झाडून व्हॅक्युमने उचला. पाण्याने धुवायला गेलात तर तिच्यातला काही भाग पुन्हा छिद्रांत शिरतो. ओलीचा उगम शोधणं हे खरं काम: भिंतीतली गळकी नळी, बाहेरचं साचणारं पाणी, किंवा जमिनीतून येणारी ओल अडवणारा पडदाच खाली न घातलेला. शेवटचं कारण असेल तर वाफ जाऊ देणारा, आत मुरणारा सीलर वापरावा लागतो आणि आरशासारख्या चमकेचा हट्ट सोडावा लागतो. हे ऐकायला आवडत नाही, पण दर सहा महिन्यांनी पोपडे खरवडण्यापेक्षा ते बरं.

वॅक्स स्वतःच बिघडलं असेल तर

पूड निघते पण बुडबुडे येत नाहीत, किंवा नखाने खरवडल्यावर पातळ पापुद्रे सुटतात, तेव्हा दोष वॅक्सच्या थरात असतो. याचं एक मोठं कारण म्हणजे दोन जातींची सरमिसळ. आपण ज्याला सरसकट वॅक्स म्हणतो, त्यात एक असतं कार्नोबासारख्या मेणाचं, सॉल्व्हंटमध्ये कालवलेलं आणि घासून चमकवायचं. दुसरं असतं पाण्यासारखं पातळ, दुधी, अ‍ॅक्रिलिक पॉलिमरचं फ्लोअर फिनिश, जे वाळून आपोआप चमकतं. पहिल्यावर दुसरं चढवलं तर ते नीट धरत नाही, मेणावर पाणी ठरत नाही तसंच.

आधी काय लावलं होतं हे माहीत नसेल, तर एका लपलेल्या कोपऱ्यात कापसाच्या बोळ्यावर थोडं मिनरल स्पिरिट (पेट्रोलियमपासून बनणारं, मेण विरघळवणारं द्रावक) घेऊन घासा. बोळा पिवळट तपकिरी झाला आणि मेणचट लागला, तर पहिली जात. त्याने काही झालं नाही, पण पातळ केलेल्या स्ट्रिपरचा थेंब पाच मिनिटं ठेवल्यावर तिथे पांढरं, मऊ, बुळबुळीत झालं, तर दुसरी. थिनर किंवा अ‍ॅसिटोनने हा प्रयोग करू नका. अ‍ॅक्रिलिक सीलर असेल तर तोही विरघळेल आणि भलताच निष्कर्ष निघेल.

पॉलिमर वॅक्स उतरवायला आम्लारीधर्मी स्ट्रिपर लागतो. खोलीचा छोटा भाग घ्या, लेबलवर सांगितल्याइतका पातळ केलेला स्ट्रिपर पसरवा, पाच ते दहा मिनिटं राहू द्या, पण वाळू देऊ नका. वाळला तर पुन्हा ओला करून तेच काम परत करावं लागतं. नायलॉनच्या ब्रशने घासा आणि वर आलेला चिखल लगेच उचला. लोखंडी घासणी वापरू नका. तिचे तुटलेले धागे छिद्रांत अडकतात आणि नंतर गंजून तपकिरी ठिपके पडतात. स्ट्रिपर सांडलेली फरशी साबणापेक्षा निसरडी होते, तेव्हा रबरी तळाचे बूट आणि हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा आणि मुलांना, जनावरांना दूर ठेवा.

आता जे सांगतो आहे ते जपून लक्षात ठेवा, कारण सगळी मेहनत इथेच वाया जाते. स्ट्रिपर उचलला, फरशी स्वच्छ दिसली आणि लगेच नवं वॅक्स लावलं, तर महिनाभरात पुन्हा पूड सुटू शकते. छिद्रांत राहिलेला आम्लारी नवा थर नीट बसू देत नाही. म्हणून स्वच्छ पाण्याने किमान दोनदा धुवा, आणि शेवटच्या धुण्याचं पाणी फरशीवर असतानाच त्याला सामू कागद लावून बघा. ७ च्या जवळ आला तरच थांबा. नंतर फरशी रात्रभर पूर्ण वाळू द्या. वॅक्सखाली कोंडलेला ओलावा दुधी छटा देतो, आणि ती काढायला तुम्हाला पुन्हा पहिल्या पायरीवर यावं लागतं.

मेणाचं वॅक्स असेल तर स्ट्रिपर नव्हे, मिनरल स्पिरिट. कपडा वारंवार बदलत पुसायचं, भरपूर हवा खेळती ठेवायची, घरात कुठेही ज्योत नको, आणि वापरलेले बोळे गोळा करून ढीग न करता बाहेर पसरून वाळवायचे.

लहानसहान तक्रारी

दारापासून सोफ्यापर्यंत निस्तेज पायवाट पडली आणि कडेची फरशी चमकते, तर ती निव्वळ झीज आहे. फक्त त्या पट्ट्यावर पातळ हात द्या आणि कडा कोरड्या मॉपने विरळ करत बाजूच्या भागात मिसळा. संपूर्ण खोलीला दर वेळी वॅक्स दिल्यामुळेच कोपरे पिवळे होतात, कारण तिथलं जुनं वॅक्स झिजतच नाही. पहिला हात भिंतीपर्यंत न्या, पुढचे हात भिंतीपासून साधारण वीतभर अलीकडे थांबवा.

चपलांचे काळे ओरखडे बहुतेक वेळा मऊ कापडाने कोरडं घासल्यावर, किंवा साध्या खोडरबराने जातात. पायपुसण्याचं किंवा गालिच्याचं अस्तर रबराचं असेल तर ते उचला. रबरातली द्रव्यं वॅक्समध्ये उतरतात, खाली ओल कोंडते आणि जो पिवळट चौकोन पडतो, तो कधी कधी सीलरपर्यंत जातो. कुंड्यांखाली बशी ठेवली तरी बशीच्या तळाला दव धरतं, म्हणून तिला पाय असलेली बरी.

वाफेचा मॉप वापरू नका. कार्नोबा मेण साधारण ८२ ते ८६ अंश सेल्सियसला वितळतं, मधमाशीचं मेण त्याच्याही बरंच आधी, ६२ ते ६४ अंशांना. वाफेपुढे दोन्ही टिकत नाहीत, आणि पॉलिमरचा थरही तिने मऊ होतो.

आणि व्हिनेगर. नैसर्गिक म्हणून ते सगळीकडे सुचवलं जातं, पण काँक्रीट हे चुन्याचं घर आहे. व्हिनेगरचा सामू अडीचच्या आसपास असतो. थेंबाथेंबाने ते वॅक्सची चमक मारतं, आणि जिथे सीलर गेला असेल तिथे थेट काँक्रीट कुरतडतं. लिंबाच्या सत्वाची क्लीनरही त्याच माळेतली. अमोनिया असलेली क्लीनर उलट्या बाजूची, ती पॉलिमर वॅक्स मऊ करतात. ब्लीच तर यांपैकी कशातही मिसळू नका. आम्लाबरोबर त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि अमोनियाबरोबर क्लोरामीन, दोन्ही फुप्फुसांना घातक.

नवा हात द्यायचाच असेल तेव्हा

फरशी स्वच्छ, कोरडी आणि खोलीच्या तापमानाला हवी. फार थंडीत पॉलिमरचे कण एकमेकांत नीट मिसळत नाहीत, फार दमट हवेत थर वाळत नाही. नवा मायक्रोफायबर मॉप आधी पाण्यातून काढून घट्ट पिळा, म्हणजे सुटे धागे निघून जातील आणि फेस कमी होईल. वॅक्स थोडं ट्रेमध्ये ओता आणि दाराच्या विरुद्ध बाजूने सुरुवात करा. एक जाड थर वर वाळतो आणि आत ओला राहतो, म्हणून दोन किंवा तीन पातळ थर द्या, आणि आधीचा थर हाताला चिकटेनासा झाल्याशिवाय पुढचा लावू नका. याला सहसा अर्धा ते एक तास लागतो, दमट दिवशी जास्त. पंखा थेट फरशीवर रोखू नका, वरचा पापुद्रा आधी वाळून रेघा उमटतात. ट्रेमध्ये उरलेलं परत बाटलीत ओतू नका, त्यातल्या धुळीने पुढचा हात खरखरीत होतो.

शेवटच्या थरानंतर मोजे घालून चालायला हरकत नाही, पण जड सामान २४ तासांनंतरच आणा, आणि तेही उचलून. खुर्च्याटेबलांच्या पायांना फेल्टचे तुकडे लावा आणि मधूनमधून ते उलटून पाहा. त्यांत रुतलेली वाळू दिसली की तुकडा लगेच बदला, घासून साफ करत बसू नका. पहिले काही दिवस फरशी फक्त कोरडी झाडा, ओला मॉप लावू नका.